संसदेत खेड्याचा आवाज पोचायचा असेल तर आधी काय बदलायला हवं?

पैनगंगेचा_काठ

निकाल लागला की कोण आलं, कोण पडलं यावर आपण आठवडाभर बोलतो. हा धागा त्यासाठी नाही. आपण खासदार ज्या रीतीने निवडतो ती रीत बदलायला हवी असं मला ठामपणे वाटतं, आणि त्यावर खेड्यात राहणाऱ्यांनी बोललं पाहिजे. हा विषय दिल्लीच्या चर्चासत्रांवर सोडला तर बदलही दिल्लीच्याच सोयीचा होईल.

मी उमरखेड तालुक्यातला. जिल्हा यवतमाळ, महसूल विभाग अमरावती. लोकसभेला मात्र आम्ही हिंगोलीत. आमच्या जिल्ह्यातले विधानसभेचे सात मतदारसंघ तीन खासदारांत वाटलेले आहेत. यवतमाळ, दिग्रस, राळेगाव, पुसद हे यवतमाळ-वाशीममध्ये. वणी आणि आर्णी चंद्रपुरात. आणि आम्ही हिंगोलीत. तो मतदारसंघ हिंगोली, नांदेड, यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. जिल्हाधिकारी तीन, पालकमंत्री तीन. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी ‘दिशा’ समिती जिल्हावार बसते. आमच्या तालुक्याचा पीकविमा तिथे कोणी लावून धरायचा, हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट मोजणीची. २०१४ ला भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत बसपाला देशभरात चार टक्क्यांच्या वर मतं होती, मतांच्या हिशोबात तो तिसरा पक्ष होता, आणि जागा शून्य. १९८४ ला काँग्रेसला निम्म्याहून थोड्या कमी मतांवर चारशेच्या वर जागा मिळाल्या होत्या. म्हणजे हा एका पक्षाचा दोष नाही. ज्याची लाट त्याला ही रीत फळते, आणि बाकी सगळ्यांची मतं मोजून बाजूला ठेवली जातात.

माझं मत असं. मतदारसंघ राहू द्यावेत, पण काही जागा मतांच्या प्रमाणात द्याव्यात, आणि त्या जागांसाठी पक्षांनी द्यायची उमेदवारांची यादी राज्याची नको, विभागाची हवी. विदर्भाची यादी वेगळी.

तुम्हाला एकच गोष्ट बदलता आली तर कोणती बदलाल?

कास्तकार_दारव्हा

भाऊ, एकच सांगाची त खर्च. लोकसभेले उमेदवाराची मर्यादा ९५ लाख, विधानसभेले ४० लाख. हे कागदावरचं. पक्षाच्या खर्चाले त मर्यादाच नाई. पाच एकराचा कास्तकार ज्याच्या पऱ्हाटीवर बोंडअळी पडली, त्यानं ९५ लाखातले पाच लाख तरी कोठून आनाव? अनामत २५ हजार हाय, अन् एक षष्ठांश मतं नाई भेटली त तेही सरकारजमा. मंग उभा कोन राह्यते? ठेकेदार, शाळावाला, नाईतर ज्याचा बाप आधीच आमदार. तुमी मोजणी कशीबी करा, मोजाले उमेदवार तेच राह्यतील.

पोट्टा_वर्धेचा

तिकीट. आमच्या मतदारसंघात कोण उभं राहणार हे आमच्यापैकी एकालाही विचारलं जात नाही. पक्षाने सभासदांचं मतदान घेऊन उमेदवार ठरवावा असं सांगणारा कायदा देशात नाहीच. मतपत्रिका आमच्या हातात येते तोवर निम्मी निवडणूक झालेली असते.

प्रा_निवृत्त

पैनगंगेचा_काठ, तुम्ही मांडलेला मुद्दा आपल्याकडे नवा नाही आणि त्याचा वऱ्हाडाशी थेट संबंध आहे. संविधान सभेत लोकसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने व्हावी अशी दुरुस्ती काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मांडली होती. ते मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले सदस्य. जानेवारी १९४९ मध्ये त्यावर चर्चा झाली. मोठे, अनेक सदस्यांचे मतदारसंघ असावेत आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवारावर टाकता यावीत, म्हणजे लहान समूहालाही आपला माणूस पाठवता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. त्यांची दोन कारणं होती. या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते, आणि ती आपल्याकडे नाही. शिवाय सभागृहाचे लहानलहान तुकडे होऊन सरकार अस्थिर होईल. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती हे लक्षात घेतलं तर पहिल्या कारणाचं वजन कळतं. २०११ ला महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर गेली. पहिलं कारण आज उरलेलं नाही, दुसऱ्यावर मात्र वाद घालायला जागा आहे.

आणखी एक. सुरुवातीच्या निवडणुकांत द्विसदस्य मतदारसंघ होते. भंडारा त्यांतलाच. १९५४ च्या पोटनिवडणुकीत तिथून स्वतः डॉ. आंबेडकर राखीव जागेवर उभे होते आणि पडले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. एका मतदाराला दोन मतं असत. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. तेव्हा ‘एक मतदारसंघ, एक खासदार’ ही काही सनातन व्यवस्था नाही, आपण ती एकदा बदललेली आहे.

विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या जागा २५ टक्क्यांनी वाढवून त्या वाढीव जागा यादी पद्धतीने भराव्यात असं सुचवलं होतं. तो अहवाल तसाच पडून आहे.

वकील_अचलपूर

सरांच्या माहितीबद्दल आभार, पण मी यादी पद्धतीच्या विरोधात आहे आणि कारण सांगतो.

यादी कोण करणार? पक्षाध्यक्ष. आज निदान उमेदवाराला मतदारसंघात फिरावं लागतं, लग्नाला यावं लागतं, मयतीला यावं लागतं. यादीतल्या माणसाला फक्त एकाच घरी जावं लागेल. नेपाळ बघा. तिथे २७५ पैकी १६५ जागा आपल्यासारख्या मतदारसंघांच्या आणि ११० प्रमाणशीर. त्या ११० मध्ये महिला, दलित, जनजाती, मधेशी यांचा वाटा ठरलेला आहे आणि त्यामुळे तिथल्या संसदेत जी माणसं आधी कधी दिसली नसती ती दिसली, हे खरंच चांगलं झालं. पण यादीत नेत्यांचे नातेवाईक आणि धनको शिरल्याच्या तक्रारीही तिथलेच लोक करतात, आणि सरकारं किती वेळा पडली ते आपण पाहिलंय.

माझ्या मते खरं दुखणं आत आहे. १९८५ ला संविधानाच्या दहाव्या परिशिष्टाने पक्षांतरबंदी आली. हेतू चांगला होता. पण त्यामुळे खासदाराने पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर त्याची जागा जाऊ शकते. म्हणजे आपण निवडलेला माणूस सभागृहात स्वतःच्या मनाने हातसुद्धा वर करू शकत नाही. २०२० चे तीन कृषी कायदे आठवा. स्थायी समितीकडे गेले नाहीत, राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर झाले. पुढच्या वर्षी मागे घेतले तेही चर्चेविना. त्या कायद्यांच्या बाजूचे असा की विरोधातले, विदर्भातल्या एकाही खासदाराला कापूस, सोयाबीन, संत्र्याच्या शेतकऱ्यातर्फे कलमवार बोलायला वेळ मिळाला का? सरकार टिकण्या-पडण्याचा ठराव आणि अर्थसंकल्प एवढ्यापुरता पक्षादेश ठेवावा, बाकी मतदान मोकळं करावं. मला एकच बदल मिळाला तर हा.

कास्तकार_दारव्हा

वकीलसाहेब, मोकळं मतदान केलं त एकेका मताचा भाव निंघन. पाह्यलं नाई का आमदार कसे गाड्याभर हॉटेलात नेते?

वकील_अचलपूर

तो भाव पक्षांतरबंदी असतानाच निघालाय ना भाऊ. आधी एक तृतीयांश फुटले तर चालायचं, ते २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने बंद केलं. मग दोन तृतीयांशाचं विलीनीकरण म्हणून तेच सुरू झालं. बंदीने घाऊक बाजार थांबला नाही, एकट्या प्रामाणिक माणसाचं तोंड तेवढं बंद झालं.

रानवेल

सगळे भाऊ बोलून राहिले, आता मी बोलते. विदर्भात लोकसभेच्या दहा जागा आहेत. २०२४ ला त्यांतून एकच बाई निवडून आली, चंद्रपूरची. राज्यात ४८ पैकी सात. देशात ५४३ पैकी ७४, आणि हा आकडा २०१९ च्या ७८ पेक्षा कमी आहे. ‘संसद प्रातिनिधिक कशी होईल’ हे विचारताना अर्ध्या लोकसंख्येपासून सुरुवात का होत नाही?

मी आमच्या गावची सरपंच होते, महिला राखीव जागेवर. पहिल्या सभेत माझ्या खुर्चीशेजारी माझ्या मालकांसाठी खुर्ची मांडलेली होती. ग्रामसेवक कागद त्यांच्याकडे सरकवायचे. दोघांनाही ते खटकत नव्हतं, कारण त्यांनी आजवर तसंच पाहिलं होतं. मी ती खुर्ची उचलायला लावली. पुढे पाण्याच्या टाकीचं काम, अंगणवाडीची दुरुस्ती, रेशनच्या याद्या हे सगळं मी शिकले आणि केलं. पाच वर्षांनी आरक्षण फिरलं, जागा खुली झाली, आणि मला कोणी उभंही राहू दिलं नाही. ‘आता तुमची पाळी झाली’ असं घरी येऊन सांगितलं. शिकलेल्या बाईला घरी बसवायचं आणि पुन्हा नवी बाई पहिल्यापासून शिकवायची, यात गावाचंच नुकसान आहे.

संसदेसाठी २०२३ ला १०६ वी घटनादुरुस्ती झाली, एक तृतीयांश जागा महिलांना. पण तिच्यातच अट घातली की जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावर. पंचायतीत ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून राखीव जागा आल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या झाल्या. तेव्हा कोणी म्हटलं नाही की आधी गावाच्या सीमा नव्याने आखू आणि मग बायकांना बसवू. म्हणून माझी एकच गोष्ट ही: आहे त्या जागांवर ते आरक्षण लावा, आणि निदान दोन मुदती तरी जागा फिरवू नका.

चुलीवरची_भाकर

रानवेल ताई, खुर्ची उचलायला लावली हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे अजून ती खुर्ची तशीच आहे.

मोहफूल

गडचिरोलीतून जोहार.

आमचा मतदारसंघ गडचिरोली-चिमूर, अनुसूचित जमातीसाठी राखीव. आमगाव, आरमोरी, गडचिरोली, अहेरी, ब्रह्मपुरी, चिमूर असे सहा विधानसभा मतदारसंघ, तीन जिल्ह्यांतले. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकशाचा माणूस छत्तीसगडच्या सीमेवर, सिरोंच्याचा तेलंगणाच्या सीमेवर, आणि दोघांचा खासदार एक. एक हिंदी-छत्तीसगडी मिसळून बोलतो, दुसरा तेलुगू. मधे माडिया, गोंडी, झाडीबोली. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुलावर बंद होतो. खासदार कितीही चांगला असला तरी तो एकटा कुठे कुठे पुरेल?

लोकसंख्या सारखी हवी हे तत्त्व मला मान्य आहे. पण जंगलात माणसं विरळ राहतात म्हणून त्यांचा मतदारसंघ एवढा लांबरुंद होतो की त्यांना प्रतिनिधी दिसतच नाही. माणसं मोजताना अंतरही मोजा, एवढंच माझं मागणं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्हाला माहीत असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. २००९ ला त्यांना अठराशे हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. वेळ लागतो, पण झालेला निर्णय कोणी मोडत नाही. संसदेत ५४३ जणांची सर्वसहमती होणार नाही हे मला कळतं. तरी जमीन, जंगल, खाण यांवरचा कायदा असेल तर तो आधी ग्रामसभांकडे का येऊ नये? आदिवासी भागातल्या पंचायतींचा पेसा कायदा १९९६ चा आहे, त्यात ग्रामसभेशी सल्लामसलत करायला सांगितलंच आहे. कायदा करणाऱ्यांनीही तो नियम स्वतःला लावून घ्यावा.

बुलढाणेकर

उमरखेडवाल्यांनो, तुम्ही एकटे नाही. आमचा मलकापूर विधानसभा मतदारसंघ बुलढाणा जिल्ह्यात आणि लोकसभेला रावेरमध्ये. रावेर जळगाव जिल्ह्यात, खानदेशात. आमच्या खासदाराच्या भाषणात केळी जास्त येते. आम्ही टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन कापूस वेचतो.

वाशीम जिल्ह्यातलं रिसोड अकोल्यात. अमरावती जिल्ह्यातले धामणगाव आणि मोर्शी वर्ध्यात.

धानाची_लोंबी

एवढं सगळं लिहून झालं आणि मूळ उपाय कोणीच लिहिला नाही. वेगळा विदर्भ. १९५५ ला राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. विदर्भाला महाराष्ट्रात घेताना १९५३ च्या नागपूर कराराने जे कबूल केलं त्यातलं हिवाळी अधिवेशन तेवढं उरलं. वैधानिक विकास मंडळ १९९४ ला मिळालं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. आपलं राज्य झालं की प्रतिनिधित्व आपोआप येते.

प्रा_निवृत्त

धानाची_लोंबी, विधानसभेपुरतं तुमचं बरोबर आहे. लोकसभेत मात्र राज्य वेगळं झालं तरी खासदार दहाच राहतील. राज्यसभेत फरक पडेल, कारण तिथे नव्या राज्याला स्वतःच्या जागा मिळतील. पण तिथेही एक अडचण आहे. २००३ च्या दुरुस्तीने राज्यसभेच्या उमेदवाराने त्याच राज्याचा मतदार असण्याची अट काढली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते वैध ठरवलं. राज्यांचं म्हणून जे सभागृह आहे तिथे राज्याबाहेरचा माणूस राज्याच्या नावाने बसू शकतो. ती अट परत आणावी यासाठी मी कुठल्याही निवेदनावर सही करीन.

बाहेरच्या उमेदवारांचा अनुभव आपल्याला लोकसभेतही आहे. १९८० आणि १९८४ ला वाशीममधून गुलाम नबी आझाद निवडून गेले. १९८४ आणि १९८९ ला रामटेकमधून पी. व्ही. नरसिंह राव. मोठी माणसं होती, पण रामटेकच्या मतदाराचं त्यातून काय साधलं हा प्रश्न विचारला पाहिजे.

धानाची_लोंबी

राव साहेबांना मराठी उत्तम यायची, एवढं तरी मान्य करा सर.

प्रा_निवृत्त

मनापासून मान्य.

संपादक मंडळ

कृपया धागा उमेदवारांवर आणि पक्षांवर नेऊ नये. निवडणूक पद्धतीपुरतं बोलावं.

पोट्टा_वर्धेचा

आकडे पाहिले का कोणी? २००८ च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या आणि लोकसभेच्या ११ वरून १०. कारण लोक मुंबई, ठाणे, पुण्याकडे गेले. त्यांत मीही आलो, मी पुण्यात नोकरी करतो. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तिच्यावर पुनर्रचना झाली तर हा वाटा आणखी घसरेल अशी मला भीती वाटते.

टीव्हीवर दक्षिणेची राज्यं विरुद्ध उत्तरेची राज्यं असा वाद दाखवतात. १९७१ च्या जनगणनेवर राज्यांच्या जागा गोठवल्या, आधी १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आणि मग ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. तमिळनाडू म्हणतं, आम्ही लोकसंख्या आटोक्यात ठेवली तर आमच्या जागा का कमी व्हाव्यात. राज्याच्या आत तोच प्रश्न विदर्भाचा आहे, पण तो कोणी मांडत नाही. आमच्या गावात रोजगार नाही म्हणून आम्ही पुण्याला गेलो, आणि आम्ही गेलो म्हणून गावाचा आमदार कमी झाला. आमदार कमी म्हणून रोजगार आणायला जोर कमी. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं.

मेळघाटी

पोट्टा_वर्धेचा यांचा मुद्दा पुढे नेतो. जे कायमचे गेले त्यांचं नाव तिकडच्या यादीत चढतं तरी. जे हंगामापुरते जातात त्यांचं काय? आमच्याकडचे कोरकू मजूर कामाला बाहेर पडतात. २०२४ ला अमरावतीचं मतदान २६ एप्रिलला होतं. एप्रिलच्या उन्हात रोजी बुडवून, भाडं खर्चून मत द्यायला कोण परत येईल? निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं, पण बऱ्याच पक्षांनी शंका घेतल्या आणि ते पुढे सरकलं नाही. शंका रास्त असतील, पण मग दुसरा उपाय सुचवा. सैनिकांना टपालाने मत देता येतं. वीटभट्टीवरच्या मजुराला का नाही?

चुलीवरची_भाकर

मजुराचा विषय निघालाच तर विचारते. विधान परिषदेत पदवीधरांचे सात आमदार, शिक्षकांचे सात. नागपूर आणि अमरावती विभागाला दोन्ही आहेत. शेतमजुरांचा एकही नाही. पदवी नाही म्हणून माझ्या आईला त्या निवडणुकीत मत नाही, मला आहे. आम्ही दोघी एकाच वावरात निंदण करतो. वरचं सभागृह ठेवायचं असेल तर त्यात ज्यांना कुठेच जागा नाही त्यांना बसवा.

वकील_अचलपूर

चुलीवरची_भाकर, या निवडणुकीतलीच एक गोष्ट पैनगंगेचा_काठ यांच्या कामाची आहे. तिथे पसंतीक्रमाने मत देतात, एक, दोन, तीन असे आकडे घालून. म्हणजे वेगळी मतपद्धत विदर्भात चालूच आहे. पण पदवीधर असूनही शेकड्याने मतं बाद होतात आणि मोजणी दुसऱ्या दिवसावर जाते. नवी पद्धत आणताना हे विसरू नका.

पैनगंगेचा_काठ

मतं बाद होतात कारण आयोगाचं जांभळं पेन सोडून दुसरं वापरलं, किंवा आकड्याऐवजी बरोबरची खूण केली. त्यात मतदाराच्या अकलेचा प्रश्न नाही, शिकवण्याचा आहे. नाव वाचता न येणाऱ्यांना आपण चिन्ह पाहून मत द्यायला शिकवलंच ना?

पोट्टा_वर्धेचा

मी दोन दिवसांपासून एक वाचतोय. आयर्लंडमध्ये ९९ सामान्य नागरिक मतदारांमधून चिठ्ठी काढावी तसे निवडून त्यांची सभा बसवली होती. त्यांनी तज्ज्ञांना ऐकलं, चर्चा केली, शिफारस दिली. गर्भपातावरचं २०१८ चं सार्वमत त्यानंतरच झालं. आपल्याकडेही तमिळनाडूत उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात गावसमितीचे सदस्य मडक्यातून चिठ्ठी काढून निवडायची रीत लिहिलेली आहे. अर्थात तिथे जमीन, घर, विद्या अशा अटी होत्या, म्हणजे सगळ्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात नव्हत्या. आपण सगळ्यांच्या घालू.

कास्तकार_दारव्हा

हे बाकी मले पटलं गड्या! ना खर्च, ना बॅनर, ना डीजे. माह्या नावाची चिठ्ठी निंघाली त जाईन दिल्लीले. फक्त वेचणीच्या दिवसात काढू नोका म्हना, मजूर भेटत नाई.

रानवेल

तुम्ही दिल्लीला गेलात तर वहिनींना विचारा वेचणी कोण करते ते :)

कास्तकार_दारव्हा

ताई, तिच्याच नावाची चिठ्ठी निंघू द्या मंग. ती माह्यापेक्षा चांगली बोलते, खरंच सांगतो. सोसायटीच्या कर्जमाफीच्या यादीत आमचं नाव नव्हतं त तहसीलात जाऊन तिनंच लावून आनलं.

बुलढाणेकर

परत बोलावण्याचा अधिकार कोणीच काढला नाही? जयप्रकाश नारायण १९७४ पासून सांगत होते. खासदार पाच वर्षं फिरकला नाही तर मध्येच घरी पाठवता आलं पाहिजे.

रानवेल

मी विरोध करते. गावात सरपंचावर अविश्वास आणता येतो. तो बहुतेक वेळा कोणावर येतो ते जरा आजूबाजूला पाहा. बाई असेल, दलित-आदिवासी असेल, आणि तिने ठेकेदाराचं बिल अडवलं असेल तर पहिल्या वर्षातच कुजबुज सुरू होते. खासदारासाठी हा अधिकार आणला तर पैसेवाल्यांच्या हातात आणखी एक काठी जाईल.

शिवाय आधी आहे ते तर वापरू द्या. यवतमाळ, वर्धा, अमरावती जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक बसला. ज्या राज्यात जिल्ह्याची निवडणूकच वेळेवर होत नाही तिथे परत बोलावायचं कोणाला? सरपंच थेट निवडायचा की सदस्यांनी, हेही २०१७ ला एक, २०२० ला दुसरं, २०२२ ला पुन्हा पहिलं. मुंबईत सरकार बदललं की आमच्या गावचा नियम बदलतो. संसदेची सुधारणा म्हणजे वरूनच सुरुवात असं समजू नका. पंचायतीची निवडणूक वेळेवर घेणं सरकारला चुकवता येणार नाही अशी तरतूद आधी हवी.

बुलढाणेकर

ठेकेदाराच्या बिलाचा मुद्दा बरोबर आहे. तरी पाच वर्षांत एकदाही तोंड न दाखवणाऱ्यावर उपाय काय, हे सुचवाच.

मोहफूल

उपाय असा करता येईल. अधिवेशनाआधी खासदाराने प्रत्येक तालुक्यात खुली सभा घ्यायची आणि अधिवेशनानंतर काय विचारलं, कशावर कसं मत दिलं याचा लेखी हिशोब ग्रामपंचायतींना पाठवायचा. खासदार निधीच्या पाच कोटींपेक्षा हा कागद आम्हाला जास्त उपयोगी पडेल.

वकील_अचलपूर

त्यासाठी अधिवेशन तरी व्हायला हवं. पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली होती. १७ वी २७४ दिवस. खासगी सदस्याचं विधेयक शुक्रवारी दुपारी येतं, स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं मंजूर झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. बसायच्या दिवसांची किमान संख्या कायद्याने ठरवा.

पैनगंगेचा_काठ

सगळं नीट वाचलं. मिश्र पद्धतीबद्दलचं माझं मत कायम आहे. वकील_अचलपूर यांचा यादीवरचा आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर यादी मतदारासमोर खुली ठेवण्यात आहे. पक्षाला मत देताना त्या यादीतल्या नावालाही मत देता आलं पाहिजे, म्हणजे क्रम अध्यक्षाने नाही तर मतांनी ठरेल. यादीत एकाआड एक बाई असावी, म्हणजे रानवेल ताईंचा बायकांच्या जागांचा मुद्दाही त्यात बसतो. खर्चाबद्दल कास्तकार_दारव्हा म्हणतात ते मला सगळ्यात जास्त लागलं. विभागाच्या यादीत शेतमजुराच्या संघटनेचं नाव ९५ लाखांशिवाय बसू शकतं.

पण घटनादुरुस्ती आपल्या हातात नाही. आपल्या हातात जे आहे ते पोट्टा_वर्धेचा यांच्या आकड्यांमुळे डोळ्यासमोर आलं. मागच्या पुनर्रचनेच्या २००२ च्या कायद्यात आयोगाने आपला प्रस्ताव आधी प्रसिद्ध करायचा, हरकती मागवायच्या आणि जाहीर सुनावण्या घ्यायच्या असं लिहिलं होतं. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावा, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, हेही त्यातच आहे. पुढच्या आयोगापुढेही हाच रस्ता असेल असं धरून तयारी करायला हवी. हरकत सामान्य माणूस देऊ शकतो. आमच्या बाजूने मागच्या वेळी कोणी दिली असेल तर गावात कोणाच्या ऐकिवात नाही.

म्हणून उमरखेड, मलकापूर, रिसोड, आमगाव, वणी, आर्णी, धामणगाव, मोर्शी इथल्या लोकांनी एकत्र मसुदा करावा. ग्रामसभेचे ठराव जोडले तर वजन येईल. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा होतातच. विषय आधी सूचनेत घालायला लावायचा.

बुलढाणेकर

मलकापूर आणि नांदुरा तालुक्यातली गावं मी पाहतो.

धानाची_लोंबी

आमगाव-सालेकशासाठी मी आहे. वेगळ्या विदर्भाची मागणी मी सोडणार नाही, पण हे काम त्याच्या आड येत नाही.

वकील_अचलपूर

मसुद्यात भावना कमी आणि निकष जास्त लिहा. ‘आम्हाला परकं वाटतं’ याला सुनावणीत किंमत नाही. तालुका ते जिल्हा मुख्यालय अंतर, तालुका ते सध्याच्या मतदारसंघाचं मुख्य ठिकाण अंतर, थेट एसटी आहे की नाही, मधे नदी कुठली, पावसाळ्यात रस्ता किती काळ बंद राहतो, हे लिहा. आणि तुम्हाला यवतमाळ-वाशीममध्ये घातलं तर तिथून कोणता भाग बाहेर काढायचा तेही सांगावं लागेल. नुसतं आम्हाला घ्या म्हणून चालत नाही, लोकसंख्येचा मेळ बसवून दाखवावा लागतो. आयोगासोबत प्रत्येक राज्याचे पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून असतात. त्यांना मताचा अधिकार नसतो, पण त्यांचं ऐकलं जातं, तेव्हा त्यांनाही प्रत द्या.

मोहफूल

अंतराचा मुद्दा भामरागड, एटापल्ली, सिरोंच्यासाठी मी लिहून देतो. गोंडीतही एक पान करतो. ठराव ज्या भाषेत बोलला जाईल त्या भाषेत तो आधी वाचला गेला पाहिजे.

रानवेल

ठरावावर बायकांच्या सह्या वेगळ्या घ्या. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिला सभा घ्यायची तरतूद आहे, तिथे विषय आधी मांडा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणी म्हणणार नाही की बायकांना काही माहीत नव्हतं. वर्धा जिल्ह्यातल्या बचत गटांत मी सांगते.

कास्तकार_दारव्हा

दारव्ह्याचा मतदारसंघ जिल्ह्यातच हाय, म्हून आमची हरकत नाई. पन उमरखेडले आमच्यात घेतलं त आमच्यातून कोन बाहेर जाईन, हे आमाले आधी सांगा. त्याच्यावर दिग्रस-दारव्ह्याचे लोक बसवून बोलू. तुमी या, चहा आमच्याकडं.

पैनगंगेचा_काठ

येतो. येताना २०११ च्या जनगणनेचे तालुकावार आकडे आणि नकाशा घेऊन येतो. पुसद आणि दिग्रसमधल्या कोणाला यायचं असेल तर इथेच कळवा.